सगळे सहमत, पुस्तक एकच

डिसेंबर उजाडला की मी मित्रमंडळींच्या मागे हात धुऊन लागते. पुढच्या वर्षी मी काय वाचावं हे त्यांनी सांगायचं. सहा जण, प्रत्येकी दोन पुस्तकं, वर्षाचे बारा महिने. अट एकच, सुचवणाऱ्याने ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं असलं पाहिजे. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समधल्या आमच्या मराठी गोतावळ्याला ही खोड आता पाठ झाली आहे. त्या दिवसांत मला बागेत पाहिलं की काही जण सरळ रस्ता बदलतात.

एरवी मी फोन करून विचारते. त्या वर्षी मात्र दिल्लीच्या हवेने माझा घसा असा धरला की डॉक्टरांनी पंधरा दिवस बोलायचंच नाही म्हणून सांगितलं. तीस वर्षं केंद्र सरकारच्या कचेरीत काढलेल्या बाईला बोलता येत नसेल तर ती काय करणार? मी फाइल केली. आतमध्ये शेरे लिहायचा, नोटिंगचा हिरवा कागद लावला, वर विषय लिहिला, खाली सहा जणांची नावं ज्येष्ठतेनुसार मांडली, आणि माझ्या मुलीला ती दारोदार फिरवायला लावली.

पाच दिवसांनी फाइल परत आली. सर्वांत वर साहेबांचं अक्षर होतं. हे आमच्यातले निवृत्त सहसचिव. त्यांनी साखर धोरणाच्या इतिहासावरचा दोन खंडांचा ग्रंथ सुचवला होता. दोन खंड म्हणजे दोन पुस्तकं, अट पूर्ण. त्याखाली रेल्वेतल्या भाऊंनी लिहिलं होतं, ‘सहमत.’ त्यांच्या बायकोने लिहिलं होतं, ‘वरीलप्रमाणे.’ शाळेतल्या बाईंनी नुसतं ‘पाहिले’ लिहून सही केली होती. जवळच्या मुनिरक्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी रविवारी आमच्याकडे जेवायला येते. तिने लिहिलं होतं, ‘सहमत. तथापि दोन्ही बाजूंचा विचार व्हावा.’ आणि सगळ्यांत शेवटी, घरचीच म्हणून मी तळाला टाकलेल्या, खालच्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीचं बारीक अक्षर होतं, ‘सहमत.’

मुलगी पोट धरून हसली. “आई, ये तो पूरी मिनिस्ट्री है. तू सगळ्यात सीनियरला आधी का दिलीस?”

चूक माझीच होती. वरच्याने एकदा लिहिल्यावर खालच्याचं पेन वेगळं काही लिहीत नाही, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? पाच जणांचं मला हसू आलं. सहाव्या सहीचा मात्र राग आला, आणि तो उतरेना.

कारण फेब्रुवारीअखेर ही मैत्रीण निवृत्त होऊन, क्वार्टर सोडून अमरावतीला जाणार होती. चौदा वर्षं आम्ही वर-खाली राहत होतो आणि रोज सकाळी साडेसहाला बागेला चार फेऱ्या मारत होतो. त्या फेऱ्यांमध्ये मी वाचत असलेलं पुस्तक तिला रोज थोडं थोडं सांगायची आणि ती नेमक्या जागी “अच्छा?” म्हणायची. माझी सगळी आवडनिवड तिला ठाऊक होती. पण तिला काय आवडतं, हे मला ठाऊक नव्हतं. दर वर्षी यादीच्या वेळी ती म्हणायची, “साहेब सांगतील तेच लिही गं.” जाण्याआधी तिचं स्वतःचं असं एक पुस्तक मला हवं होतं. नाहीतर चौदा वर्षं मी कुणाशी बोलत होते?

घसा सुटल्यावर मी एकेकाला वेगळं गाठलं. भाऊंनी लोणच्यांचं पुस्तक सुचवलं आणि बायकोला सांगू नका म्हणाले. मुनिरक्याच्या मुलीने भुताच्या गोष्टी सुचवल्या. “मावशी, क्लासमध्ये कुणाला कळता कामा नये,” तिने बजावलं. साहेब साखरेवर ठाम राहिले. यादी भरत आली, आणि एका रविवारी दुपारी मी खाली गेले.

मैत्रीण भांडी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळत बसली होती.

“आज पुस्तक घेतल्याशिवाय मी हलणार नाही,” मी म्हटलं.

“चलो, आधी चहा तर घे.”

“चहा नको. इतक्या वर्षांत तुला मला एक पुस्तक सांगता येत नाही?” माझा आवाज नको तेवढा चढला होता.

तिने हातातला डबा खाली ठेवला. “सांगितलं असतं. पण तू शेवट बदलतेस.”

ती अगदी शांतपणे सांगत होती. “त्या शिंप्याच्या कादंबरीत तो घरी परत येतो म्हणालीस. नाही येत. ती नर्स बरी होत नाही, जाते. आणि त्या दोघा भावांचा समेट कुठेच होत नाही.”

“तुला कसं माहीत?”

“तू आपल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात पुस्तक परत केलंस की मी घेऊन यायचे.”

चोरी पकडली गेली होती आणि नाही म्हणायची सोय नव्हती. आमचं फिरणं सुरू झालं त्याच वर्षी तिचा नवरा गेला होता. सकाळी साडेसहाला, ऑफिसला निघण्याआधी, तिला आणखी एक मरण सांगायला माझी जीभ रेटेना. मग ती सवयच पडून गेली. मी हे सगळं तिला अडखळत सांगितलं.

“कळत होतं मला,” ती म्हणाली. “म्हणून तर कधी बोलले नाही. बरं वाटायचं गं ऐकायला. पण माझं एक पुस्तक आहे, आणि त्याचा शेवट तू गोड केलेला मला चालला नसता.”

बांधलेलं एक खोकं तिने पुन्हा सोडलं आणि एक पातळ कादंबरी माझ्या हातात ठेवली. “मी गेल्यावर वाच. आणि फोनवर सांग. आहे तशी.”

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले आणि मी परत केलेली पुस्तकं मागून उघडून पाहत बसले. प्रत्येकातल्या देवघेवीच्या चिठ्ठीवर माझ्या सहीखाली तिची सही होती. एवढं वाचणारी बाई माझ्याशेजारून चालत होती आणि मी तिला गोष्टी समजावून सांगत होते. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि तिचा अभिमानही वाटला.

मार्च उजाडताच ती अमरावतीला गेली. एप्रिलमध्ये मी ती कादंबरी वाचली. दोन बहिणींची गोष्ट आहे. एक लग्न होऊन दूर जाते आणि दोघी जन्मभर एकमेकींना लिहीत राहतात की या वर्षी नक्की येते. सकाळी साडेसहाला मी अमरावतीला फोन लावला आणि बागेत फेऱ्या मारत रोज थोडी थोडी सांगत गेले. सहाव्या दिवशी शेवटाशी आले. वळण घ्यायला दोन-तीन जागा होत्या, मला दिसतही होत्या. पण मी एक शब्द बदलला नाही.

“नाही भेटत त्या,” मी म्हटलं. “धाकटीचं पत्र येतं, तोवर थोरली गेलेली असते. संपलं.”

फोन कानाशी धरून मी बाकावर जाऊन बसले.

“बरोबर सांगितलंस,” ती म्हणाली. “आता ऐक. मी मे महिन्यात येतेय. तिकीट काढलंय.”

“मे महिन्यात दिल्लीला शहाणं माणूस येत नाही.”

“नसेल येत. माझा क्वार्टर तर दुसऱ्याला गेला. तुझ्याकडेच उतरेन.”

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि त्या बाकावर बसून चांगली रडले. मग घरी येऊन पाहुण्यांची गादी उन्हात टाकली.