बर्फाच्या कारखान्यात रंगीत तालीम

हिवाळ्याच्या अंधारात नॉर्वेच्या आकाशात प्रकाशाचे हिरवे पडदे हलतात. ते बघायला जायचं, असं मी पन्नाशीत ठरवलं. अडचण एकच होती. बायकोशिवाय मला प्रवासात मजा येत नाही आणि बायकोला थंडी सोसत नाही. आमच्या पवनीत दिवाळीला अंगावर घेतलेली शाल ती होळीलाच काढते.

मी तिच्यासाठी जाडजूड कोट आणि टोपी मागवली. "घालून तं पाह्य," म्हटलं.

"मे महिन्यात कायचा अंदाज येते जी?"

मुद्दा बिनतोड होता. पण माझा एक वर्गमित्र बर्फाचा कारखाना चालवतो. तो म्हणाला, "वहिनीले घेऊन ये. लाद्या ठेवतो त्या खोलीत बसवू."

कारखान्याच्या दाराशी कोट चढवता चढवता बायको घामानं निथळली आणि मला मनसोक्त बोलली. मग लाद्यांच्या मधोमध खुर्चीवर महाराणीसारखी बसली. मी दार ओढून घेतलं. पाच मिनिटांत ती ओरडणार आणि माझं नॉर्वे तिथंच संपणार, याची मला खात्री होती.

पंधरा मिनिटं झाली तरी आवाज नाही. घाबरून मी दार उघडलं. "ये ना बाहेर!"

"काहून? बाहेर ऊन हाये. दार लावा!"

शेवटी ती आपणहून बाहेर आली आणि तिनं निकाल दिला, "जाऊ तुमच्या नॉर्वेले. पण मे महिन्यातच. हिवाळ्यात कायले मराचं?"

मी लगेच हो म्हटलं. मे महिन्यात तिथं धड अंधारच पडत नाही, हे सांगायला मला अजून मुहूर्त सापडलेला नाही.