सातव्या खोलीचं छप्पर

"स्लॅबला मधोमध हे भोक कुणी ठेवलं?" मी विचारलं.

"देवानं," सरपंच म्हणाले. मी मनमुराद हसलो. त्या कामातलं माझं तेवढंच हसू.

पोलादपूरच्या डोंगरातली वाडी. मागचा डोंगर तडकलेला, सात कुटुंबं पत्र्याच्या कंटेनरमध्ये. कातळावर भक्कम उभं होतं ते फक्त देऊळ. मुंबईकर गाववाल्यांनी बांधलेलं: कळस नाही, नक्षी नाही, उघड्या काँक्रीटचा भलामोठा गोल डबा. या देवाला छप्पर चालत नाही, म्हणून मूर्तीच्या डोक्यावर आभाळ मोकळं. आता या कुटुंबांना जागा व्हावी म्हणून देवाने स्वतः झाडाखाली जायला कौल दिला होता. मी स्ट्रक्चरल इंजिनियर. त्या डब्यात सात घरं बसवायची होती.

हॅमर टेस्ट केली, म्हणजे ठोके मारून काँक्रीटची ताकद पाहिली. उत्तम निघाली. सहा खोल्या कडेने; सातवी मधे, भोकावर नवा स्लॅब टाकून. ती देवाचे पुजारी सखाराम गुरव यांची. त्यांच्या बायकोला, अनसूयाबाईंना, दमा. कंटेनरमध्ये श्वास पुरत नसे. मी मोठ्या थाटात ड्रॉइंग उलगडलं. बाईंनी बोट ठेवून विचारलं, खिडकी ही का?

मग सरपंच म्हणाले, देव हलला तरी जागा त्याची. छप्पर टाकायचं तर कौल लावा.

कौल म्हणजे देवाच्या अंगाला दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लावणार गुरवच; जवळ दुसरं कुणी जात नाही. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, दादा, डावी पडली तरी दिसणार कुणाला? ते कळ्या पाण्यात बुडवून देवाकडे गेले.

बराच वेळ पाठमोरे उभे होते. मग वळले.

"डावी."

मी म्हटलं, पुन्हा लावू या.

"देवाला दोनदा इचारत नाय, सायब."

अनसूयाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "देवाला एकदा तरी इचारतात. मला कदी इचारलंय?"

सहा खोल्या झाल्या. मधे चौक राहिला. पाऊस थेट आत येतो, म्हणून उतार काढून दिला. काम सुबक झालं, असं सगळे म्हणतात. गुरव नवराबायको अजून कंटेनरमध्येच आहेत.

आता परवानग्यांच्या यादीत मी देव पहिला लिहितो, मग ग्रामपंचायत. घरातल्या बाईला विचारायचा रकाना अजून कुठल्याच फॉर्मवर नाही.