मोठी पट्टी

बुलढाण्यातल्या आमच्या डॉक्टरबाईंना आपल्या दुर्बिणीच्या ऑपरेशनातल्या बारीक छिद्रांचा फार अभिमान. "माझ्या ऑपरेशनचा व्रण शोधून दाखव," असं त्या प्रत्येक नव्या सिस्टरला बजावतात. मलाही बजावलं होतं.

परवा अमडापूरच्या एका सुनेचा गर्भ पिशवीऐवजी अंडाशयावर रुजून फुटला. बाईंनी दुर्बिणीनं, तीन छिद्रांतून रक्तस्राव थांबवला, अंडाशयही वाचवलं. मी तीन छोट्या पट्ट्या लावल्या.

"त्यावरून पोटभर मोठी पट्टी लाव."

"काऊन, मॅडम?"

"जखम लहान दिसली की घरचे चौथ्या दिवशी कापूस वेचाले धाडतात."

ती पट्टी पाहून सासू घाबरली. "अव माय! एवढं मोठं आपरेशन?"

"हाव, लय मोठं," बाई म्हणाल्या. "महिनाभर आराम. पट्टी मीच सोडीन, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."