ताटावरचा आडवा हात

पाहुण्यांच्या तोंडात घास मी कोंबला, आणि त्यांना वाचवणाऱ्या बहिणीला चारचौघांत बोललोही मीच.

लग्नानंतर बहीण पहिल्यांदाच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती, चाळीसगावजवळच्या आमच्या खेड्यात. सण झाल्यावर तिचे सासरे तिला न्यायला धुळ्याहून आले. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांच्यासाठी वरण-बट्टीचं जेवण केलं. आमच्याकडे व्याह्याला पहिल्या 'नको'वर सोडलं, तर यजमानाची पुढे वर्षभर कुचेष्टा होते. आबा ताटावर हात आडवा धरीत आणि मी वाढीत राही. शेवटी तुपात बुडवलेली अर्धी बट्टी मी स्वतः त्यांच्या तोंडात घातली.

त्यांनी पुन्हा हात हलवला. मग दोन्ही हात.

"आबा लाजी रायनात," पंगतीतून कोणीतरी म्हणालं. आबा लाजताहेत म्हणून सगळे हसले. मीही हसलो आणि दुसरा तुकडा पुढे केला. तेव्हा कुठे लक्षात आलं, त्यांच्या तोंडून आवाजच निघत नव्हता. खोकला नाही, श्वास नाही. ओठ काळे पडत चालले होते. मी घाबरून तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. पाणी आत गेलंच नाही, सदऱ्यावर सांडलं.

"पाणी नको, भाऊ. वाकवा त्यांना."

बहीण चुलीपासून धावत आली होती. डोक्यावरचा पदर खाली पडलेला. आम्ही पुरुष नुसते उभे. तिनेच एका हाताने आबांची छाती धरली, त्यांना पुढे वाकवलं आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळहाताने जोरात मारलं. पुन्हा मारलं. आबांची मान लोंबायला लागली. मला वाटलं, गेले. ती मारतच राहिली. मग तुकडा ताटात पडला आणि आबांनी घरघरत श्वास ओढला.

आणि मी तिला म्हणालो, "सासऱ्याच्या अंगाला हात लावतेस? लाज नाही वाटत?"

ती पदर सावरून आत गेली. आबाच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "राहू दे, भाऊ. मी जित्ता शे."

पुढच्या आखाजीला तिला आणायला मी धुळ्याला गेलो. आबा स्वतः वाढत होते. मी सवयीने हात आडवा केला, आणि ते तिथेच थांबले. आग्रह केला नाही, भांडं घेऊन मागे वळले.

मी ताटावरून उठलो. बहीण दारात उभी होती. दोघांसमोर म्हणालो, "आबा, तुम्ही नको म्हणत होता तरी मी कोंबलं. चुकलो. आणि बाई, तुझे पाय धरायचे सोडून तुला बोललो. मनात ठेवू नकोस."