थांबाबाईंचा नियम

नर्सिंग कॉलेजच्या तळमजल्यावर, धुलाईच्या खोलीला लागून, सरावाची खोली होती. दोन पलंग, सलाइनचा एक स्टँड आणि रबराचा एक पूर्णाकृती पुतळा. पुतळ्याला मुली ‘मामा’ म्हणत. मामांच्या दंडात इतक्या सुया टोचून झाल्या होत्या की त्यात पाणी भरलं तर चाळणीसारखं गळायचं. पण मामांनी कधी हूं की चूं केलं नाही, म्हणून मुलींचा त्यांच्यावर जीव होता.

खोली चालवायच्या थांबाबाई. हे नाव मुलींनी पाडलेलं, आणि बाईंना ते ठाऊक होतं. उमेदीची वर्षं वॉर्डात घालवून त्या शिकवायला आल्या, तेव्हा त्याही इतरांसारख्याच वही उघडून वाचत आणि मुली उतरवून घेत. मग एकदा त्यांच्याच एका विद्यार्थिनीनं वॉर्डात सिस्टरना भलत्याच बाईला रक्त चढवताना पाहिलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. ती बाई गेली. विचारल्यावर मुलगी म्हणाली, “मला वाटलं, सिस्टरना माहीत असेल.” रक्त चढवण्याच्या प्रश्नाला याच मुलीला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते.

त्यानंतर बाईंनी सांगणं कमी केलं आणि करून घेणं सुरू केलं. मुली आत येण्याआधी त्या मामांच्या पलंगापाशी मुद्दाम एखादी चूक करून ठेवायच्या. ज्या मुलीला ती दिसेल तिनं ‘थांबा’ म्हणायचं. ‘थांबा’ ऐकलं की कुणीही असो, हातातलं सोडून हात खांद्यापर्यंत वर न्यायचे. मग काय चुकलं ते बोलायचं. हात वर न्यायचा नियम नंतर आला. बोलता बोलता मुलींचे हात चालूच राहायचे, म्हणून. हात सगळ्यात उशिरा वर करणारीनं मामांना पुसून काढायचं, ही शिक्षा. मामांना पुसणं म्हणजे कटकट. त्यामुळे मुलींचे हात विजेसारखे वर जायला लागले.

या खेळात सगळ्यात तरबेज होती लवंगी. बुटकी, काटकुळी, आवाज मात्र फटाक्यासारखा. एकदा बाईंनी मामांची लघवीची पिशवी सलाइनच्या स्टँडवर उंच टांगून ठेवली. लवंगी दारातूनच ओरडली, “थांबा!”

“अगं, आत तरी ये.”

“बाई, पिशवी कंबरेच्या वर आहे. घाण उलटी आत जाईल. मामा मरतील.”

“मामा कशानं मरताहेत!” मागून कुणीतरी म्हणालं. “आपल्याला पुरून उरतील ते.”

हसण्यावारी गेलं, पण बाई त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगत बसल्या. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तो म्हणाला, “एका पोरीवर एवढी खूश? मला तर कधी शाबास म्हणाली नाहीस.”

“तुम्ही कधी मला थांबवलंत का?”

“माझी काय बिशाद!”

एक गोष्ट या खोलीत कधी झाली नाही. मामांना कुणी उचललं नाही. पुतळा महाग, पडला, तडकला तर भरून कोण देणार, म्हणून प्राचार्यांची सक्त मनाई होती. मुली मामांना कुशीवर वळवत, पुसत, टोचत. पण मामा कायम पलंगावरच असत. हात सोडले तरी त्यांचं काही बिघडत नसे. हे बाईंच्या कधी ध्यानात आलं नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या येण्याचा प्रश्नच नव्हता.

लवंगीच्या तुकडीला पुरुषांच्या वॉर्डात पाठवलं, तेव्हा तिथं छापखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. पोटाच्या दुखण्यातून उठत आले होते, दोन दिवसांत घरी जाणार होते. त्यांना तपासणीसाठी ट्रॉलीवर घ्यायचं होतं. वॉर्डच्या सिस्टरनी डोक्याकडची चादर धरली, लवंगीसह चार मुलींनी दोन्ही बाजू. चादरीसकट आजोबा वर उचलले गेले, पलंग आणि ट्रॉली यांच्या मधोमध आले, आणि लवंगीला दिसलं की लघवीची पिशवी अजून पलंगाच्या पलीकडच्या दांडीलाच अडकली आहे. नळी ताणली होती. आणखी वीतभर सरकवलं असतं तर आतून फाटलं असतं.

“थांबा!” लवंगी म्हणाली.

चारही मुलींचे हात खांद्यापर्यंत वर गेले. लवंगीचे स्वतःचेही.

सिस्टरच्या हातात डोक्याकडची चादर राहिली. एकटीला किती पेलणार? ट्रॉली धक्क्यानं बाजूला सरली आणि आजोबा मधल्या फटीतून खाली फरशीवर आले. खुब्याचं हाड मोडलं. मुली हात वर करून तशाच उभ्या होत्या, असं सिस्टरनी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खरं होतं.

चौकशीत बाईंनी काही लपवलं नाही. “नियम माझा आहे. त्यांनी मी शिकवलं तेच केलं.”

प्राचार्या वाईट नव्हत्या. बाहेरचे पाहुणे आले की त्याच त्यांना मामांची खोली कौतुकानं दाखवायच्या. त्या म्हणाल्या, “हा नियम अभ्यासक्रमात कुठे आहे?”

“नाही.”

“मग मी वरच्यांना काय सांगू?”

“नळी अडकली होती. मुलीला ती दिसली. तेवढं तरी सांगा.”

“बाई, नळी अडकलेली कुणाला दिसत नाही. मोडलेला खुबा सगळ्यांना दिसतो.”

खोलीला कुलूप लागलं. बाईंनी इथून पुढे वर्गात नेमलेल्या नोट्स सांगायच्या, असं ठरलं. लवंगीनं लेखी माफी मागायची, नाहीतर वर्ष रद्द. तिला तयार करायचं काम बाईंवरच आलं.

जिन्याखाली, बादल्या ठेवतात तिथं, लवंगी उभी होती.

“बाई, नळी ताणली होती ना?”

“होती.”

“मग मी बोलायला नको होतं?”

“हवं होतं.”

“मग माफी कशाची मागू?”

बाईंनी माफीचा कागद पुढे केला. त्या म्हणाल्या, “सही कर. वर्ष वाचव.”

लवंगीनं सही केली. बाईंना वाटलं होतं ती रडेल, भांडेल. तिनं फक्त पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, “जाऊ?”

आजोबांना भेटायला बाई घरी गेल्या. ते भिंतीकडेच्या पलंगावर होते. पुन्हा चालणार नाहीत, हे तोवर ठरून गेलं होतं. “तुमच्या मुलींचे हात भलतेच चपळ हो,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणून बाईंना तिथं बसवेना. दारापर्यंत सोडायला आलेली त्यांची लेक हळूच म्हणाली, “परत येऊ नका. तुम्ही आलात की त्यांना रात्रभर झोप लागत नाही.”

घरी नवरा म्हणाला, “अगं, तू शिकवलंस ते त्या शिकल्या. पंचाईत तिथंच झाली.”

बाई वर्गात नोट्स सांगू लागल्या. मुलींच्या वह्या नेटक्या, अक्षरं वळणदार. चाचणीचे गुण वाढले. प्राचार्यांनी तसं बोलूनही दाखवलं. लवंगी खिडकीजवळच्या बाकावर बसायची आणि खालमानेनं लिहायची.

एका सकाळी नळी लावलेल्या रुग्णाची देखभाल हा पाठ आला. बाई सांगत होत्या, वाक्य दोनदा म्हणत होत्या. मध्येच त्या थांबल्या, चष्मा पुसला, आणि पूर्वी जशी मामांपाशी चूक करून ठेवत, तसं एक वाक्य सांगितलं. “लघवीची पिशवी नेहमी रुग्णाच्या कंबरेच्या वर टांगावी.”

पेनं खरखरली.

“कंबरेच्या वर टांगावी,” बाई पुन्हा म्हणाल्या, सावकाश.

खिडकीजवळचं पेन अडलं. लवंगीनं मान वर केली आणि थेट बाईंकडे पाहिलं. मग लवंगीनं मान खाली घातली आणि वाक्य पूर्ण केलं.

“‘वर’ खोडा,” बाई म्हणाल्या. “‘खाली’ लिहा.”

सगळ्यांनी खोडलं, सगळ्यांनी लिहिलं. का, ते कुणी विचारलं नाही. बाईंनी पान उलटलं आणि पुढचं वाक्य सांगायला घेतलं.