तिसऱ्या घंटीच्या आत

माझी धाकटी नणंद एका औषध कंपनीत बावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. तिसरी घंटी वाजायच्या आत फोन उचलायचा, हा तिचा नेम. गेल्या वर्षी साहेबांनी इंटरनेटवरची नवी फोनसेवा घ्यायचं ठरवलं. फोन, मेसेज, मीटिंग, सगळं एकातच. ऑपरेटर मग कशाला हवी, अशी कुजबुज सुरू झाली.

तीन कंपन्यांचे विक्रेते आले. तिघांचंही बोलणं इतकं गोड की साहेब गोंधळले. "ताई, तुम्हीच पारखा."

प्रत्येकाने आपली सेवा जोडून दाखवली की नणंदेने इंटरनेटची वायर काढली आणि आपल्या मोबाइलवरून ऑफिसचा नंबर लावला. पहिल्या दोघांच्या वेळी कुठेच घंटी वाजली नाही.

"अहो, वायर का काढलीत?" दुसरा चिडला.

"उद्या उंदीर कुरतडेल, तो काय तुम्हाला विचारून?"

तिसऱ्याच्या वेळी मात्र ऑफिसचा कॉल आपोआप वळला आणि लगेच साहेबांच्या खिशातला मोबाइल वाजला. ते हसतच सुटले.

तीच सेवा घेतली, आणि ती सांभाळायला नणंदच नेमली. हाताखाली दोघं इंजिनिअर! मी अभिनंदनाचा फोन केला, तर दुसऱ्याच घंटीला आवाज आला, "बोल गं वहिनी!"