बेडीखालची चिंधी

पाववालीच्या हातची भाकर चर्चमधले जवळजवळ सगळे खायचे, ती स्वतः मात्र नाही. दिवसभर ती दुसऱ्याच्या बेकरीत भट्टीपुढे उभी असे आणि चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, आदल्या संध्याकाळी घरी बिनखमिराची भाकर करी. पातळ लाटायची, काट्याने टोचायची, भाजायच्या आधीच सुरीने चौकोनी रेघा ओढायची, म्हणजे पाळकांना मोडताना चुरा सांडत नसे. रविवारी ताट तिच्यापाशी आलं की मात्र ती ते पुढे सरकवायची. त्या मंडळीत रीतच होती: आपल्या मनात कुणाविषयी, किंवा कुणाच्या मनात आपल्याविषयी अढी असेल तर भाकरीला हात लावायचा नाही, आधी समेट करून यायचं. तिला कोणी कारण विचारत नसे. ते साऱ्यांना पाठ होतं.

परक्यांच्या राजवटीत तिच्या मुलाला फाशी झाली होती आणि तुरुंगात त्याच्या पायात बेडी ठोकली होती ती याच मंडळीतल्या लोहाराने. तोही शेवटच्या बाकावर बसून ताट पुढे सरकवायचा.

पुढे ती राजवट गेली. चौकातल्या दगडावर मुलाचं नाव कोरलं गेलं. दर स्वातंत्र्यदिनी मोटार यायची, पाववालीला व्यासपीठावर बसवायचे. तो हसत हसत फासावर गेला, असं वक्ता सांगे आणि टाळ्या पडत. ती गळ्यातला हार काढून घरी भांडी घासायला बसे. देश सुटला होता, पण हिच्या छातीवरचं ओझं तसूभर हललं नव्हतं. रस्त्यावरून लोहाराच्या घणाचा आवाज आला की ती भरल्या ताटावरून उठे.

एकदा उपदेशात पाळक म्हणाले, की परका राजा गेला म्हणजे देश मोकळा होतो, पण मन मोकळं करायला प्रभूच लागतो.

"बोलायला काय जातंय पाळकसाहेबांचं," बाहेर येताना ती मुलीला म्हणाली. "मूल ना बाळ!"

तरी रोज गुडघे टेकून ती तेच मागत होती. प्रभू, हे माझ्याच्याने होत नाही, तूच कर.

एका वर्षी स्वातंत्र्यदिनी सकाळी लोहारीण दारात उभी राहिली.

"ताई, यांचं आता काही खरं नाही. पाळकसाहेब भाकर घेऊन आलेत, पण हे तोंड उघडत नाहीत. म्हणतात, तिच्याशी मिटल्याशिवाय नको."

"मग जाऊ दे तसाच!" मुलगी आतून ओरडली. "दादाला जाताना कुणी भाकर विचारली होती? आई, मोटार येईल आता. हुतात्म्याची आई बेडीवाल्याच्या उशाशी बसली, म्हणतील लोक."

पाववालीने पायात चपला सरकवल्या. "मोटारवाल्याला सांग, यंदा खुर्ची रिकामी राहू दे."

लोहाराच्या खोलीत भिंतींना धुराची काजळी होती. तो पार वाळला होता, फक्त हाताचे पंजे तेवढे पूर्वीएवढेच उरले होते. कोपऱ्यात पाळक ताट मांडीवर घेऊन बसले होते.

"ताई, मला..."

"माफीचं नंतर बघू. आधी सांगा, बेडी ठोकताना काय झालं? भाषण नको. भाषणं मी पुष्कळ ऐकलीत."

लोहाराने छताकडे बघत सांगितलं.

"कडं घट्ट झालं होतं. घोटा सोलला. काका, खाली सारायला एक चिंधी द्या ना, म्हणाला. खिशात होती माझ्या, हात पुसायची. तुरुंगाचा साहेब समोर उभा होता. मी दिली नाही."

"हसत होता?"

"नाही ताई. रडत होता. लहान पोरासारखा."

लोहारीण तोंड दाबून बाहेर गेली. इतकी वर्षं व्यासपीठावरून जो हसत जायचा, तो पाववालीला कधी ओळखूच आला नव्हता. हा मात्र तिचा होता. लहानपणी नवा बूट चावला की भर रस्त्यात फतकल मारून चिंधी मागायचा. ती मोठ्याने रडली. लोहाराच्या नरड्यावर हात ठेवावा असंही वाटलं, ते कशाला लपवायचं?

"एवढीशी चिंधी," ती म्हणाली.

"हो ताई."

पोटाची, पोराबाळांची, हुकमाची एकही सबब त्याने पुढे केली नाही. केली असती तर ती उठून गेली असती.

"ताट द्या इकडे."

"मावशी, मनापासून असेल तरच," पाळक हळूच म्हणाले.

"मन अजून तुरुंगाच्या दारातच आहे, पाळकसाहेब. मी प्रभूच्या नावाने माफ केलं. मनाला तो आणील मागाहून."

तिने रेघेवर भाकर मोडली आणि चौकोन लोहाराच्या जिभेवर ठेवला. त्याला गिळवेना, म्हणून पाळकांनी द्राक्षारसाचे दोन थेंब सोडले. बाहेर चौकात टाळ्यांचा गजर झाला. मग तिने स्वतः एक तुकडा तोंडात टाकला. आपली भाकर कडवट लागते, करपते, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं. कोणी बोललंच नव्हतं.

दुपार उलटायच्या आत लोहार गेला. घरी मुलीने दार उघडलं. ताट वाढून झाकून ठेवलं आणि आत निघून गेली. पाववालीने तिला हाक मारली नाही. भिंतीला टेकून ती आपल्या रडक्या पोरासाठी रडत राहिली.